वसंताची ॲक्टिव्हिटी: एक बरणी, पाच बिया आणि दहा दिवस

झाडांना पालवी फुटायला लागली की दरवर्षी मला मेसेज यायला सुरुवात होते. "ताई, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. घरी काय करून घेऊ? वसंताची एखादी सोपी ॲक्टिव्हिटी सांगा ना." मी २२ वर्षं बालवाडीत शिकवलं, म्हणून आया मला विचारतात. एकेकीला उत्तर देण्यापेक्षा यंदा सगळं इथेच लिहिते. लांबलचक होईल, पण मनापासून आहे.

आधी एक कबुली. वर्गात मीही वसंत 'साजरा' करून घ्यायचे. रंगीत कागदाची फुलपाखरं आदल्या रात्री मीच कापून ठेवायचे, मुलांनी फक्त ठिपके चिकटवायचे. भिंतीवर २५ फुलपाखरं लागायची आणि २५ च्या २५ एकसारखी दिसायची. पालक कौतुक करायचे, फोटो काढायचे. एकदा एक मुलगी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, यातलं माझं कुठलंय?" मलाही ते सांगता आलं नाही. तो प्रश्न आजही माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला वसंतात दहा ॲक्टिव्हिटी लागत नाहीत. एकच गोष्ट दहा दिवस रोज पाहायला मिळाली तर ती पुरते. या ऋतूचं खरं शिक्षण वाट पाहण्यात आहे आणि आपण मोठी माणसं नेमकी तीच मुलांच्या हातून काढून घेतो.

सध्या माझी चार वर्षांची नात माझ्याकडे आहे. घरात तिला चिऊ म्हणतात. आम्ही दोघींनी काय केलं ते सांगते.

घेवड्याच्या पाच बिया घेतल्या. चिऊने त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या आणि तिला प्रत्येकीच्या कडेला एक छोटा ठिपका दिसला. "हे काय आहे?" तिथे ही बी शेंगेला चिकटलेली होती, असं मी सांगितलं. मग तिने स्वतःचा फ्रॉक वर करून बेंबी पाहिली. मी याबाबत तिला काहीच सुचवलं नव्हतं! रात्री बिया पाण्यात टाकल्या. तासा-दोन तासांनी सालीला सुरकुत्या पडल्या, कारण साल आधी पाणी पिऊन सैल होते आणि आतला गर मागून फुगतो. सकाळी सुरकुत्या गेल्या होत्या आणि बिया टचटचीत फुगल्या होत्या. आणखी एक कोरडी बी मुद्दाम मागे ठेवली होती, ती शेजारी ठेवून पाहिली. "ही लहान आणि ही मोठी झाली," एवढं चिऊ स्वतःहून बोलली.

मग काचेची बरणी घेतली. आतून टिपकागदाची गुंडाळी लावली, मधे कापूस भरला आणि कागद नि काच यांच्यामध्ये बिया अडकवल्या, म्हणजे बाहेरून सगळं दिसतं. पाणी चिऊनेच घातलं, लहान कपाने. थोडं सांडलं, तेही तिनेच पुसलं. बरणीच्या तळाशी बोटभरच पाणी हवं, कागद तेवढा ओला राहिला पाहिजे. बी पाण्यात बुडवून ठेवायची नाही.

तिसऱ्या दिवशी एका बीची साल चिरली आणि पांढरं टोक बाहेर आलं. ते मूळ. बीमधून आधी मूळच निघतं, कारण पाण्याची सोय आधी लागते, पानांची नंतर. चिऊ बरणीला नाक लावून बसली होती. "आजी, ती खाली का चाललीय?" मी विचारलं, "तुला काय वाटतं?" थोडा वेळ गेला. "तिला पाणी प्यायचंय." मी यात काही दुरुस्ती केली नाही. दुसऱ्या दिवशी बरणीला झाकण लावलं आणि ती आडवी करून ठेवली. एका दिवसात मुळाचं टोक वळलं आणि पुन्हा खाली जायला लागलं. चिऊने माझा हात घट्ट धरला. "तिला कळतं!"

हा तिच्या आयुष्यातला पहिला प्रयोग. थॉमस नाइट नावाच्या माणसाने १८०६ मध्ये पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला उगवत्या बिया बांधून हाच प्रश्न विचारला होता: मुळाला खालची दिशा कळते कशी? त्याच्या चाकावर मुळं बाहेरच्या बाजूला वळली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे, म्हणजे फिरण्याचा जोर जिकडे ओढतो तिकडे मुळं गेली, जशी एरवी ती जमिनीच्या ओढीने खाली जातात. चार वर्षांच्या मुलीला यातलं काही सांगायची गरज नाही. पण तिचा प्रश्न किती मोठा आहे हे आपल्याला माहीत असलं की आपण "चल, उशीर होतोय" म्हणत नाही, थांबतो.

पाचातली एक बी कुजली, तिला वास यायला लागला. कागद खाली सरकला होता, ती पाण्यात बुडून राहिली होती आणि बीला हवाही लागते. चिऊ झोपल्यावर ती गुपचूप बदलून टाकावी, असं माझ्या मनात आलं होतं, खरंच आलं होतं. पण नाही बदलली. सकाळी तिला दाखवली. तिने नाक दाबलं, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हिला श्वास नाही आला." काही बिया उगवत नाहीत हेही मुलांना दिसू द्या. चारच उगवल्या म्हणून त्या चार खऱ्या वाटतात.

आता मोजणं. सेंटिमीटर वगैरे या वयात नको. रोज सकाळी कागदाची पट्टी रोपाशेजारी उभी धरायची, शेंड्यापाशी खूण करायची आणि तेवढी कापायची. कापायचं मुलानेच, वाकडं झालं तरी चालेल. या पट्ट्या भिंतीवर ओळीने चिकटवत जायचं. आठवड्याभरात जिना तयार होतो. शाळेत पुढे ज्याला आलेख म्हणतात तो हाच, फक्त इथे प्रत्येक पायरी मुलाच्या हातची असते. "कालच्यापेक्षा आज किती मोठी झाली?" याचं उत्तर चिऊ बोटांच्या चिमटीत धरून दाखवते आणि माझ्या मते ते उत्तर अचूक असतं.

काही आया विचारतात, यात अक्षरं कुठे आहेत, लिहिणं कुठे आहे? त्यांची काळजी मला कळते. पुढच्या वर्षी शाळा आहे, शेजारचं मूल वीसपर्यंत आकडे काढतं. पण बी चिमटीत उचलणं, फवारणीच्या बाटलीचा खटका दाबणं, कात्रीने पट्टी कापणं, न सांडता ओतणं, यातूनच पेन्सिल धरणाऱ्या बोटांत ताकद येते. आणि शब्द बघा ना! त्या दहा दिवसांत चिऊच्या बोलण्यात भिजली, सुरकुतली, फुगली, चिरली, वळली, उलगडलं, कोवळं, मऊसर असे किती शब्द आले. ज्या दिवशी जे घडलं त्याच दिवशी त्याचा शब्द आला, म्हणून तो टिकला. तक्ता दाखवून शिकवलेला शब्द असा टिकत नाही, हे मी वर्गात अनेक वर्षं पाहिलं आहे.

हा काही माझा शोध नाही. फ्रीड्रिश फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी केंद्र सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. त्याच्या मांडणीत खरोखरची बाग होती आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा. मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये 'बालगृह' उघडलं तेव्हा मुलांच्या हाती त्यांच्या मापाच्या खऱ्या वस्तू दिल्या: खरा जग, खरं पाणी. बालवाडी या शब्दातही बाग आहेच. आणि आपण त्या नावाच्या खाली बसवून मुलांकडून छापील गाजर रंगवून घेतो, याचं मला वाईट वाटतं.

बाग नसेल तर? लागत नाही. वाटेवरचं एक झाड निवडा, एकच. त्याच्या हाताशी येणाऱ्या फांदीला लोकरीचा धागा सैल बांधा आणि जाता-येता तीच फांदी बघा. कळीवरचे खवले कधी सुटले, पहिलं पान घडी घातलेलं होतं की गुंडाळलेलं, रंग हिरवा होता की तांबूस, हे सगळं मूल तुमच्याआधी सांगेल. छाटलेली डहाळी मिळाली तर ती घरी पाण्यात ठेवा. कळ्या घरातच उमलताना दिसतात. तोडायचं काही नाही, पडलेलं तेवढंच उचलायचं, हा आमचा नियम आहे. चिऊ तो मला शिकवते.

पांढरं फूल रंगीत पाण्यात ठेवण्याचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो. तो छान आहेच, पण घाईने आटपू नका. देठ नव्याने तिरका कापून ठेवलात तर काही तासांत पाकळ्यांच्या कडांवर रंग दिसायला लागतो. आधी कडा, मग शिरा. त्या शिरा मुलाला बोटाने दाखवू द्या.

सावलीचा खेळ तर फुकटचा. सकाळी उन्हात मुलाला उभं करा, पावलांभोवती आणि सावलीभोवती खडूने रेघ काढा. दुपारी त्याच पावलांवर पुन्हा उभं करा. सावली आखूडही झालेली असते आणि सरकलेलीही. चिऊ रेघेवर पाय जुळवत बराच वेळ उभी राहिली, कारण तिला वाटत होतं की आपणच चुकीचे उभे आहोत.

एक मला सगळ्यात आवडतं, त्याला काहीच सामान लागत नाही. खिडकीत किंवा बाहेर डोळे मिटून बसायचं, दोन मिनिटं. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. वसंतात पक्षी घरट्याच्या जागेसाठी आणि जोडीदारासाठी जोरात गातात, त्यामुळे बोटं भराभर उघडतात. पहिल्या दिवशी चिऊची तीन बोटं उघडली. आठवड्याने दोन्ही हात भरले आणि तिने माझा हात मागितला.

किडे-मुंग्यांना घाबरू नका, म्हणजे आधी तुम्ही घाबरू नका. गांडूळ दिसलं तर हात ओला करून तळव्यावर घ्या. ते कातडीतून श्वास घेतं, कोरडं पडलं तर मरतं. दोन मिनिटं बघा आणि जिथून उचललं तिथेच ओल्या मातीत ठेवा. मुंगीचे पाय सहा, कोळ्याचे आठ, हे मोजायला पाटी लागत नाही, भिंग असेल तर मात्र मजा येते.

आता जपायच्या गोष्टी. या मी आग्रहाने सांगते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुट्या बिया एकट्याने देऊ नका, त्या घशात अडकू शकतात. मोठं मूलही बी नाकात किंवा कानात घालतं, तिथे ती ओलीने फुगते आणि निघणं अवघड होतं; अशा वेळी घरी कोरत बसू नका, डॉक्टरांकडे जा. घेवड्याची कच्ची बी विषारी असते. कण्हेरीचं तर पान, फूल, बी सगळंच विषारी. म्हणून एक सरळ नियम ठेवा: विचारल्याशिवाय झाडाचं काहीही तोंडात नाही. पाण्याचा खेळ असेल तर तुम्ही हाताच्या अंतरावर असा आणि खेळ संपला की बादली रिकामी करून पालथी घाला. थोडंसं पाणीही लहान मुलाला धोक्याचं असतं. मातीत खेळून झालं की साबणाने हात धुवायचे.

मोबाइलबद्दलही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितका बरा. आणि दिवसभरात किमान १८० मिनिटं शरीराची हालचाल हवी, त्यातली ६० तरी धावपळीची. बी कशी उगवते याचा झरझर पळणारा व्हिडिओ अर्ध्या मिनिटात संपतो. दाखवायचाच असेल तर स्वतःच्या बीचं पान उघडल्यावर दाखवा, आधी नको. आधी दाखवलात तर वाट पाहणंच संपतं.

नोकरी करणाऱ्या आयांना मी एवढंच सांगेन की यातल्या कशालाही पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. सकाळी चहा होईपर्यंत बरणी बघून होते. रोज बघायची, एवढंच.

आमचे दहा दिवस काल पूर्ण झाले. रोप वर येताना आधी मान वाकवून येतं, म्हणजे कोवळा शेंडा घासत नाही, आणि उजेड लागला की सरळ होतं. ते सरळ झालेलं पाहून चिऊनेही मान वर केली. चार रोपं कुंडीत लावली. खड्डा तिने बोटाने केला आणि माती हळूच दाबली, जशी ती बाहुलीला पांघरूण घालते.

भिंतीवर पट्ट्यांचा जिना आहेच. त्याच्या टोकाला काल तिने एक अगदी छोटा तुकडा चिकटवला, नखाएवढा. मी विचारलं, हा कुठल्या रोपाचा? म्हणाली, "जी उगवली नाही ना आजी, तिचा."