"गरिबीत वाढलेल्या बाईला छातीचा कॅन्सर होत नाही" हे अर्धवट आहे

चोपडा, यावलकडच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय, की लहानपणी कळण्याची भाकर खाऊन शेतात राबलेल्या बायांना स्तनाचा कॅन्सर होतच नाही, तो श्रीमंतांचा आजार. यात थोडं खरं आहे म्हणूनच ते पटकन पटतं.

खरं काय, तर सुखवस्तू घरात वाढलेल्या मुलींमध्ये हे प्रमाण सरासरीने जास्त दिसतं, कारण चांगल्या खाण्याने पाळी लवकर येते, उंची वाढते, पुढे शिक्षण-नोकरीमुळे पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, अंगावर पाजणं कमी. पाळी एक वर्ष लवकर आली की धोका साधारण 5 टक्के वाढतो, एका बाळंतपणाने 7 टक्के कमी होतो. पण म्हणून उपासमार म्हणजे काही लस नाही हो! 1944-45 च्या हॉलंडच्या दुष्काळात लहानपणी उपाशी राहिलेल्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर उलट जास्तच सापडला.

आणि कमी धोका म्हणजे शून्य धोका नाही. आपल्याकडे खरा घोळ पुढे होतो, कापूस वेचताना काखेजवळ गाठ हाताला लागते, दुखत नाही म्हणून माय ती पदराआड ठेवते, वेचणी संपू दे म्हणते, मग दिवाळी, मग पोरीचं लग्न, अन् दवाखान्यात जाते तेव्हा गाठ फुटलेली असते. सुरुवातीला ही गाठ बहुतेक दुखतच नाही. तिशीनंतर उपकेंद्रात छातीची तपासणी फुकट होते, आशाताईंना विचारा.