क्लचचा सीमाप्रश्न

टिळकवाडीचं रेल्वे गेट उघडतं, मागचे हॉर्न सुरू होतात आणि माझ्या जुन्या गाडीचा पहिला गिअर नेमका तेव्हाच कर्रर्र करतो. क्लचचं पेडल दोन-तीनदा हाणलं की पडतो. तालुका कचेरीसारखंच, एका खेपेत काम नाही.

मागून कुणीतरी सांगतंच, "प्लेटा गेल्यात की ओ!" क्लचप्लेटवर संशय न घेणारा माणूस मला बेळगावात अजून भेटायचाय. पण पंप मारून गिअर पडत असेल तर गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर हे दुखणं बहुधा तेलातलं असतं: पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या लाइनीत हवा शिरलीय, नाहीतर पेडलपाशी तो दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील झिजलंय. हवा दबते, तेल दबत नाही. प्लेट घसरायला लागली की उलटं होतं. गिअर झकास पडतात, पण चोर्ला घाटात इंजिन बोंबलतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चढते.

आधी बॉनेट उघडून तेलाची बाटली बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते, क्लचची नळी वरच्या अंगाला. तेल उतरलं की आधी क्लच मरतो, ब्रेक वाचतो. तेव्हा क्लच गेला म्हणून नुसतं रडू नका, ब्रेकच्या लाइनीही तपासा.

मग आपला जिव्हाळ्याचा विषय, सीमाप्रश्न. गळती फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि आपल्या पायांमधल्या पत्र्याच्या, अलीकडे की पलीकडे? पेडलच्या दांड्यावरून पायाशी तेल उतरलं असेल तर मास्टर. दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सजवळ, क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचलल्यावर आत ओलं असेल तर स्लेव्ह. पावसाळ्यात खानापूर रस्त्यावरून आलं की मॅट भिजलेलीच असते, म्हणून बोटानं चोळून बघा. पाणी वाळतं, हे बुळबुळीत राहतं. रंगाला लागलं तर रंगही उचलतं.

दोन्हीकडे कोरडं? सपाट, मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून गिअर टाका, क्लच अर्धा मिनिट दाबून धरा, दुसरा पाय ब्रेकजवळ असू द्या. गाडी हळूच सरकायला लागली तर तेल सीलला वळसा घालून आतल्या आत परत जातंय. मग स्लेव्हच्या दांड्याची चाल पट्टीनं मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. चाल पुरेशी असूनही रिव्हर्स ओरडत असेल, तरच प्लेट, बेअरिंग, फोर्क यांच्याकडे वळा. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारा भाग, नसतो, त्यामुळे तो सगळ्यांत आधी बोंब मारतो.

हवा काढायला दोन माणसं लागतात. स्लेव्हवरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलात बुडवायचं. एक पेडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडतो, बंद करतो आणि मगच पहिल्यानं पेडल सोडायचं. आधी सोडलं तर काढलेली हवा परत आत. गाडीखालचा कानडीत ‘ओत्तु, बिडु’ म्हणणारा असेल आणि आतला ‘दाब, सोड’वाला, तर आधी एक भाषा ठरवून घ्या. एवढ्यावर तरी आपलं एकमत व्हावं.

तेल मॅन्युअलमधलंच, डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड. इंजिन ऑइल ओतलंत तर सगळी सिलं फुगतात. उद्यमबागेत सिलिंडर बनवणाऱ्यांना विचारा! आणि उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, हे तेल हवेतलं पाणी ओढतं. आषाढात उघड्या डब्यातल्या पापडाचं काय होतं, माहीत आहे ना?