‘शेवटी टी-शर्टवरचीच छपाई’ म्हणणाऱ्या दादांना

रबाळ्याच्या आमच्या गाळ्यात प्रेशर सेन्सर (बोटाचा दाब ओळखणाऱ्या पातळ फिल्म) कसे छापतो, या माझ्या मागच्या लेखावर पुण्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. सगळेच खाली जाऊन वाचत नाहीत, म्हणून ती इथे उतरवते :

“ताई, हौस चांगली आहे. पण ही शेवटी टी-शर्टवरचीच छपाई, तिला डिझाइन म्हणू नका. दाब वाढला की रेझिस्टन्स समप्रमाणात कमी होतो हे तुमचं वाक्य साफ चूक. वजन तसंच ठेवलं तर आकडा सरकत राहतो, त्या ड्रिफ्टबद्दल लेखात अवाक्षर नाही. लोड सेलवर ३२ वर्षं काम केलंय म्हणून सांगतो, लिहिण्याआधी डेटाशीट वाचत जा.”

(लोड सेल म्हणजे काट्यातला वजन मोजणारा भाग, आणि डेटाशीट म्हणजे पार्टसोबत कंपनी देते तो तांत्रिक माहितीचा कागद.) उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी आमच्या हेल्परने ती प्रतिक्रिया मोबाइलवर वाचली आणि मला विचारलं, “मॅडम, आपण टी-शर्ट पण घ्यायला लागलो का?” तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

आधी चूक कबूल करते, म्हणजे मन मोकळं होईल. ‘समप्रमाणात कमी होतो’ हे वाक्य खरंच चुकलं. दाबाच्या साधारण प्रमाणात वाढतो तो कंडक्टन्स, म्हणजे रेझिस्टन्सचा व्यस्त, करंट किती सहज वाहतो त्याचं माप. रेझिस्टन्स सुरुवातीच्या हलक्या दाबाला धाडकन खाली येतो आणि पुढे हळूहळू सपाट होत जातो. लेख रात्री साडेअकराला लिहिला होता. वाक्य दुरुस्त केलं आहे, आभार. पण दादा (तुम्ही ताई म्हणालात, म्हणून मी दादा म्हणते), एवढ्या एका वाक्यासाठी ‘हौस’? गाळ्याचं भाडं, वीजबिल आणि तीन माणसांचे पगार हौसेतून निघत नाहीत. माझ्या जागी एखादे गृहस्थ लेख लिहिते, तर त्यांनाही ‘हौस चांगली आहे’ म्हणाला असतात का, हा प्रश्न मला पडला. उत्तर देऊ नका, मला माहीत आहे.

आता टी-शर्ट. गंमत म्हणजे मी टी-शर्ट छापलेले आहेत. माझ्या वडिलांचा ठाण्यात स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा होता. लग्नपत्रिका, खोक्यांवरची लेबलं, आणि दहीहंडी आली की गोविंदा पथकांचे टी-शर्ट. आदल्या रात्री दोनशे नग, बाहेर पाऊस, आत दोऱ्यांवर वाळत घातलेले शर्ट आणि थिनरचा वास. नववीत असल्यापासून माझ्या हातात स्क्वीजी, म्हणजे स्क्रीनवर शाई ओढायची रबरी पट्टी, आहे. त्यामुळे टी-शर्टची छपाई आणि सेन्सरची छपाई यांत काय फरक आहे हे मला कुणी लोड सेलवाल्याने शिकवू नये.

टी-शर्टवर शाई जरा कमी बसली तर आकडा फिका दिसतो, बस. गोविंदा तो घालून थरावर चढतो आणि संध्याकाळपर्यंत शर्टाचा चिखल होतो. आमच्याकडे शाईचा थर हाच पार्ट आहे. खालच्या पॉलिएस्टर फिल्मवर चांदीच्या शाईच्या रेघा असतात, दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात तशा, पण एकमेकींना न टेकलेल्या. आमच्याकडे रेघ ०.४ मिमी आणि मधली फटही तेवढीच. वरच्या फिल्मवर कार्बनची शाई, आणि दोघींच्या मध्ये चिकट स्पेसरची, म्हणजे फिल्म वेगळ्या ठेवणाऱ्या थराची, एक रिंग. बोट ठेवलं की वरची फिल्म वाकते, कार्बन दोन्ही फण्यांना एकदम टेकतो आणि करंटला वाट मिळते. जोर वाढवला की टेकणारे बारीक बारीक ठिपके वाढतात आणि रेझिस्टन्स उतरतो. यात ना स्प्रिंग, ना चिप. जे काही आहे ते शाईत, शाईच्या जाडीत आणि त्या रिंगच्या उंचीत. मग डिझाइन कुठे असतं म्हणता?

एक उदाहरण देते. मागच्या मे महिन्यात आमचा एसी बंद पडला. ऑर्डर द्यायची होती म्हणून तसंच छापत राहिलो. स्क्रीनवर पडलेल्या शाईतलं सॉल्व्हंट उडत जातं, शाई घट्ट होते, मेशची, म्हणजे स्क्रीनच्या जाळीची, भोकं कडेने सुकायला लागतात. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळी शीटं सारखीच काळी. दुपारी मीटर लावला. २०० ग्रॅमचं माप ठेवून पहिल्या शीटवर ५ किलोओहम, नव्वदाव्या शीटवर साडेसात. अर्धा लॉट भंगारात गेला. वडील हयात असते तर त्यांना मीटर लागला नसता. फ्रेम शीटवरून सुटताना एक बारीक ‘चर्र’ असा आवाज येतो आणि शाई घट्ट झाली की तो आवाज ओढल्यासारखा होतो. ते पाठमोरे असतानाही मला ओरडायचे, “थिनर टाक!” त्या दिवशी मी फोनवर होते. आवाज ऐकला नाही.

आणि फिल्म. चांदीची शाई आम्ही १३० अंशांच्या आसपास भाजतो. पॉलिएस्टर फिल्म आधीच तापवून स्थिर केली नाही, तर त्या उष्णतेला आकसते. ४०० मिमीचं शीट ०.३ टक्केच आकसलं तरी टोकाला १.२ मिमीचा फरक पडतो. तुमची रेघच ०.४ ची, मग पुढचा इन्सुलेशनचा थर बसवायचा कुठे? म्हणून कोरी फिल्म आधी ओव्हनमधून काढायची, आणि पहिल्या थराचं आर्टवर्क काढतानाच शेवटच्या थराचा विचार करायचा. शर्टाला असलं काही लागत नाही, तो धुतल्यावर आकसला तर गिऱ्हाईक स्वतःलाच जाड समजतं.

स्पेसरमध्ये हवेला बाहेर जायला बारीक वाट ठेवावी लागते, हेही डिझाइनच. एका ग्राहकाने पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून ती वाट टेप लावून बंद केली आणि मग सेन्सर आमच्या नावाने परत पाठवले. उन्हात ठेवलेले ते पीस पापडासारखे फुगले होते. अर्थात त्यांची भीतीही खोटी नव्हती. दमट हवेत, रेघांवर सतत डीसी व्होल्टेज असलं की चांदी एका रेघेकडून दुसरीकडे सरकते. भिंगाखाली बघा, नेच्याच्या पानासारखी नक्षी वाढत गेलेली दिसते, आणि एक दिवस शॉर्ट. नवी मुंबईचा जुलै अंगावर काढलेल्या माणसाला दमट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उपाय काय, तर जिथे कार्बन टेकायचा नाही तिथे चांदी इन्सुलेशनखाली झाकायची. तोही एक थर, आणि तोही छापूनच.

डेटाशीट वाचत जा म्हणालात. वाचते. असेच सेन्सर बनवणाऱ्या इंटरलिंक कंपनीच्या ४०२ मॉडेलचीच घ्या. तोच सेन्सर पुन्हा पुन्हा दाबला तर फरक ±२ टक्के, पण एका सेन्सरचा दुसऱ्याशी फरक ±६ टक्के. हे मधले चार टक्के सर्किटमधून येत नाहीत, ते छपाई आणि जोडणीतून येतात. ज्यांचे कागद तुम्ही मला वाचायला सांगता ते लोकही छापतातच, दादा. त्यांनाही हौसच म्हणायचं का?

लोड सेलचं म्हणाल तर ते वजन करायचं साधन, आमचं बोट ओळखायचं. किराणा दुकानाच्या काट्यात आमचा सेन्सर बसवा असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

राहिला ड्रिफ्ट. असतो. मी लपवलेला नाही, लेख छपाईवर होता. आमच्या बहुतेक ग्राहकांना ‘दाबलं की नाही’ एवढंच हवं असतं, त्यांना ड्रिफ्टशी घेणंदेणं नाही. (खाटेवरच्या गादीखाली घालायच्या पॅडचं एक गिऱ्हाईक सोडून. पेशंट रात्रभर झोपला की पहाटेचा आकडा रात्रीच्या जागी नसतो, आणि त्यांचा इंजिनिअर सकाळी सातला मला फोन करतो. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन.)

दुरुस्तीच्या खाली तुमचं नाव घालायचं का ते कळवा. नाहीतर ‘पुण्याचे एक वाचक’ एवढंच ठेवते.