किल्लारीचा दगड आणि वाड्याचे पाडकाम: एका प्रतिक्रियेला उत्तर

सादर नमस्कार.

पाडलेल्या घरांचे दगड, लाकूड आणि फरशी नव्या बांधकामात वापरण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप घेतला, त्याबद्दल मनापासून आभार. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या पट्ट्यात दगडमातीच्या घरांचे गुणगान करणे बेजबाबदारपणाचे आहे, जुना माल निवडून साफ करण्याची मजुरी नव्या मालाहून जास्त पडते, आणि म्हणून शुक्रवार पेठेतला आपला वडिलोपार्जित वाडा आपण फेब्रुवारीत जेसीबी लावून दोन दिवसांत मोकळा करून घेणार आहात, असे आपण लिहिले आहे.

किल्लारीचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, म्हणून आधी तोच घेतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, सोलापुरात आमच्या घरच्या फडताळातली भांडी खाली आली, आणि पुढच्या आठवड्यात मदतीचे सामान घेऊन गेलेल्या मंडळींबरोबर मी त्या गावांत होतो. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, तरी त्या एकसंध नव्हत्या. आतला आणि बाहेरचा असे ओबडधोबड दगडांचे दोन वेगळे थर, मधल्या पोकळीत चिपा आणि माती, आणि या दोन थरांना जखडून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही, अशी त्यांची रचना होती. शिवाय डोक्यावर दीड-दोन फूट मातीचे माळवद, म्हणजे सपाट छत. हादरा बसताच थर फुगून एकमेकांपासून सुटले आणि माणसे दगडांखाली गेली. त्याच गावांत अनेक घरांचे लाकडी खण, म्हणजे खांब आणि तुळयांचा सांगाडा, भिंती ढासळल्यावरही उभे राहिलेले मी पाहिले. दगड जुना होता म्हणून ती घरे पडली नाहीत. कालच खाणीतून काढलेला दगड त्याच रीतीने रचला, तर तोही तसाच जीव घेईल. कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ हे भारतीय मानक आहे. दगडी भिंतीची जाडी दीड फुटाहून अधिक नसावी, उंचीच्या दर दोन फुटांच्या टप्प्यात आरपार दगड असावेत आणि त्यांच्यातले आडवे अंतर चार फुटांहून जास्त नसावे, असे ते सांगते. चिरा, म्हणजे घडीव दगड, कोणत्या वाड्यातून आला, याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही.

मात्र एक चूक माझी आहे. माझ्या घरात आमच्या जुन्या वाड्याचे घडीव चिरे फक्त जोत्यात (पायावरच्या चौथऱ्यात) आणि आवाराच्या भिंतीत बसवले आहेत, घराचा भार आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्यावर आहे आणि माळवद मी पुन्हा घातलेले नाही, हे त्या लेखात स्पष्ट यायला हवे होते. ते न आल्यामुळे आपला गैरसमज झाला असेल, तर दोष माझ्या लिखाणाचा आहे.

मजुरीविषयी आपले म्हणणे अर्धे मान्य आहे. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सोडवताना फुटते आणि तिच्यामागे लागलेला वेळ वाया जातो. तिथे मीही आग्रह धरणार नाही. चुन्यात बांधलेली वीट मात्र हातोडीच्या हलक्या टोल्याने सुटते आणि चुना खरवडून निघतो. तिची परीक्षाही सोपी आहे: दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यावा, नखाने ओरखडा उठू नये, आणि चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर तिचे वजन एक पंचमांशाहून अधिक वाढू नये. मोरीच्या भिंतीतल्या, लोणा (क्षार) लागलेल्या विटा कितीही टणक दिसल्या तरी घेऊ नयेत. सागवानाचा हिशेब तर अगदीच वेगळा आहे. शंभर वर्षे छताखाली वाळलेली तुळई आता पिळत नाही की आकसत नाही. आमच्या वाड्याच्या अकरा तुळयांपैकी तीन सुताराने दाभण टोचून बाद केल्या, कारण भिंतीत रुतलेली त्यांची टोके वाळवीने पोखरली होती. उरलेल्या आठांतून घरातल्या सगळ्या चौकटी निघाल्या. करवतीला देण्यापूर्वी प्रत्येक खिळा शोधून काढावा लागला, त्यात चार दिवस गेले, आणि तरीही नव्या सागवानाच्या मानाने खर्च पुष्कळ कमी झाला. शहाबादी फरशीही अशीच सहज निघते.

‘काहीच टाकाऊ नसते’ हे त्या लेखातले माझे वाक्य मी मागे घेतो. स्लॅबमधून निघालेली सळई सरळ करून पुन्हा भार घेणाऱ्या बांधकामात घालणे धोक्याचे आहे; तिची जागा जालन्याच्या पोलाद वितळवणाऱ्या भट्टीत आहे. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात, त्यांना कापणे, भोक पाडणे किंवा फोडणे म्हणजे फुप्फुसात जाणारे तंतू हवेत सोडणे होय. जुन्या दारांवरच्या तेलरंगात शिसे असू शकते, म्हणून ती दारे घरात, लहान मुलांच्या आसपास, कोरडी घासू नयेत. ही सावधगिरी त्या लेखात नव्हती आणि आपण ती उणीव दाखवलीत, हे बरे झाले.

यंत्राने एकदम पाडलेल्या वाड्याचे पुढे काय होते, याचाही विचार व्हावा. चिरा, वीट, लाकूड आणि पांढरी माती एकत्र कालवली की त्यातले काहीच कोणाच्या कामाचे उरत नाही आणि तो ढीग रात्री एखाद्या ओढ्याच्या काठी रिकामा होतो. राडारोड्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी काँक्रीट, माती, लाकूड, विटा वेगवेगळे ठेवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच टाकली. त्याच वर्षी सुधारलेल्या आयएस ३८३ मानकाने जुन्या काँक्रीटच्या खडीला एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये वीस टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. पण खडी करण्यासाठी आधी काँक्रीट मातीपासून वेगळे हाती यावे लागते.

आपण फेब्रुवारी ठरवला आहे, तो महिना योग्यच आहे. ऊन अजून सोसण्यासारखे असते आणि पावसाला वेळ असतो. जेसीबी जरूर लावावा, मात्र जोत्यासाठी. त्याआधी दारे-खिडक्या चौकटींसह काढून घ्याव्यात, मग माळवदाची माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी, म्हणजे तुळया एकीकडे कलंडणार नाहीत, त्यानंतर किलचा (माळवदाच्या मातीखालच्या लाकडी पट्ट्या), तुळया आणि शेवटी खांब. प्रत्येक लाकडावर रंगाने क्रमांक घालावा आणि थप्पी जमिनीपासून वर, सावलीत, मधे पट्ट्या ठेवून लावावी. आपल्या वाड्याच्या आकाराला या कामासाठी सहा माणसे आणि दहा-बारा दिवस पुरावेत, असा माझा अंदाज आहे. आपली हरकत नसेल तर ठेकेदाराशी करार होण्यापूर्वी मी आमच्या सुताराला घेऊन येतो. कोणत्या तुळया राखण्याजोग्या आहेत, हे तो माती उतरवण्याआधीच बरेचसे सांगू शकेल.