झटपट मिस्सा आणि बिशप रॉजर

इतिहासातल्या गमती म्हणून एक गोष्ट सारखी फिरत असते. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत काँ शहराजवळच्या रॉजर नावाच्या एका गरीब पाद्र्याने मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी, इतकी झटपट उरकली, की घाईत असलेला राजपुत्र हेन्री खूश झाला आणि त्याला सोबतच घेऊन गेला. हेन्री इंग्लंडचा राजा (पहिला हेन्री) झाला, पाद्री सॉल्झबरीचा बिशप. थोडक्यात, अडाणी माणूस नशिबाने वर चढला.

ही गोष्ट इतिहासकार न्यूबर्गच्या विल्यमची, आणि ‘जवळपास निरक्षर’ हा शेराही त्याचाच. रॉजर वारला ११३९ मध्ये. विल्यम लिहीत होता बारावं शतक संपता संपता. रॉजरच्या हयातीतला दुसरा इतिहासकार, माल्म्सबरीचा विल्यम, वेगळं कारण देतो: हेन्री गादीवर येण्याआधीच रॉजर त्याच्या घरखर्चाला शिस्त लावत होता. हेन्रीला बापाकडून जमीन नव्हे, रोकड मिळाली होती. त्याला असाच माणूस हवा असणार.

बरं, मिस्सेची गोष्ट खरी धरली, तरी त्यावर पुढची अडतीस वर्षं कशी निघणार? ११०१ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे राजाच्या दफ्तराचा प्रमुख, वर्षभरात बिशपपदी निवड, आणि मग एक्सचेकर, म्हणजे राजाचं हिशेबखातं. दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, त्यावर चौकडीचं कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस-वीस पौंड, शंभर-शंभर पौंड यांचे वेगवेगळे रकाने, त्यांत सोंगट्या सरकवायच्या आणि समोर बसलेल्या शेरीफकडून, म्हणजे जिल्ह्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याकडून, पै-पैचा हिशेब घ्यायचा. ११३० ची हिशेबाची गुंडाळी आजही शाबूत आहे. या कामातलं रॉजरचं ज्ञान वाखाणणारा रिचर्ड, एक्सचेकरवर पुस्तक लिहिणारा, रॉजरच्या पुतण्याचाच मुलगा, म्हणजे साक्षीदार घरचा. पण ती गुंडाळी कुणाची नातेवाईक नाही. राजा नॉर्मंडीत असताना राज्यही रॉजरच चालवी. ११२४ च्या नाताळात खोटी नाणी पाडणाऱ्या टांकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडले गेले, तो हुकूम राजाचा, अंमल रॉजरचा.

वशिलेबाजी मात्र भरपूर होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. एक पुतण्या लिंकनचा बिशप, दुसरा, नायजेल, ईलीचा बिशप आणि खजिनदार, मुलगा चॅन्सेलर. शिवाय डिव्हायझेस, शेरबर्न असे किल्ले. जून ११३९ मध्ये हेन्रीनंतरचा राजा स्टीफन याने ऑक्सफर्डला रॉजरला पकडलं आणि मुलाला फाशी देण्याची धमकी देऊन डिव्हायझेस घेतला. डिसेंबरात रॉजर गेला.

पुढे स्टीफनच्या काळातल्या यादवीत हिशेबखातं मोडकळीला आलं. ते पुन्हा उभं करायला स्टीफननंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या हेन्रीने बोलावलं नायजेललाच, रॉजरच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला.