नावं ठेवली कुणी?

काम तसं चहा संपेपर्यंत उरकणारं होतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जुन्या कोडमध्ये 'रेट' हे नाव कुठे कुठे आलंय, त्याची यादी द्यायची. नुसतं शोधलं तर 'सेपरेट'मधला रेटही गळाला लागतो. म्हणून मी शहाण्यासारखा पायथनच्या पार्सरकडून, म्हणजे कोडची फोड करणाऱ्याकडून, सिंटॅक्स ट्री घेतला. म्हणजे कोडचं झाड; त्यातला प्रत्येक तुकडा एक नोड. आता एकेका नोडला विचारायचं, बाबा रे, तुझं नाव काय?

तिथेच फसलो. फंक्शन आपलं नाव 'नेम' या खान्यात ठेवतं. व्हेरिएबलच्या नोडचं तर नावच 'नेम', पण त्याच्याकडे नेम नाही, 'आयडी' आहे! टिंबानंतरचं नाव 'ॲटर'मध्ये. पॅरामीटरचा नोड 'आर्ग' आणि त्याच्या पोटातला खानाही 'आर्ग'. 'आर्ग डॉट आर्ग' म्हणताना ठसका लागतो. इंपोर्टवाल्याला माहेरचं 'नेम' आणि असलंच तर सासरचं 'ॲझनेम'. 'ग्लोबल'कडे नुसती वाण्याच्या चिठ्ठीसारखी यादी.

आमची आत्या रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी आणि माहेरी तिसरीच आहे. पण कुठल्याही नावाने हाक मारा, ओ देते. इथे खाना चुकला की थेट ॲट्रिब्यूट एरर, म्हणजे 'असा खानाच नाही' म्हणून प्रोग्रॅम बंद.

पायथनच्या २०१९ च्या ३.८ आवृत्तीत थोडी आवराआवर झाली, नाही असं नाही. आधी आकडा 'एन'मध्ये, मजकूर 'एस'मध्ये राहायचा. दोघांना 'कॉन्स्टंट'च्या एका छपराखाली आणून 'व्हॅल्यू' हा एकच खाना दिला. नावांच्या वाटेला मात्र कुणी गेलं नाही.

रात्री अकराला प्रोग्रॅम धावला आणि फंक्शनच्या एका कॉलवर आपटला. कुणीतरी दोन चांदण्या (**) लावून नाव-किंमत जोड्यांची अख्खी डिक्शनरी पाठवली होती. अशा वेळी कीवर्डच्या नोडच्या 'आर्ग'मध्ये 'नन' (None), म्हणजे काहीच नाही, असं असतं. नाव विचारायला दार वाजवलं, तर घरात कुणीच नाही.

तेही निस्तरलं. मग प्रत्येक नाव कुठल्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कुठल्या पूर्ण सूचनेत आहे, ते काढताना पुन्हा घोळ. पार्सरकडे 'एक्स्प्र' दोन: एक मोठ्या ई-चा (Expr), एक छोट्या ई-चा (expr). मित्राला फोन लावला, स्पीकरवर.

"अरे, एक्स्प्रमध्ये अडकलोय."

"मोठ्या ई-चा की छोट्या?"

"मोठ्या. छोट्याचाच मुलगा ना तो?"

"छे! छोटा बाप आहे खरा, पण मोठा त्याचा नाही. तो स्टेटमेंटच्या घरातला."

"मग नाव याचं का लावतो?"

"पोटात याचंच असतं ना कुणीतरी."

आतल्या खोलीतला दिवा लागला. बायको दारात येऊन उभी. "कुणाच्या घरचं चाललंय रे हे?"