सिरपूरच्या बदकांवर फटाके फोडायचं कुणी सांगितलं?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या ग्रुपवर एकच मजकूर तिघांनी टाकला, त्यात आमचे काकाही: ‘सिरपूर तलावावर परदेशी पक्षी बर्ड फ्लू घेऊन आलेत. सरकारी माणसं नमुने नेताहेत, म्हणजे रोग आलाच. फटाके फोडून पक्षी हाकला, अंडी-चिकन बंद करा.’ सोबत ‘परदेशी’ पक्ष्याचा फोटो. काका, ती जांभळी पाणकोंबडी आहे. बारा महिने इथेच असते.

‘पक्षी रोग आणतात.’ आणू शकतात, यात वाद नाही. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हंस फार होते. पण त्या विषाणूचा पूर्वज १९९६ मध्ये सापडला तो चीनच्याच ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत. आपल्या देशातला पहिला उद्रेक, फेब्रुवारी २००६, नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये झाला. रोग पिंजऱ्यांतून, अंड्यांच्या ट्रेमधून, गाडीच्या चाकांवरूनही फिरतो.

आणि इंदूरचं विसरलात का? २०२० च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात टपाटप पडले ते कावळे. कावळा उकिरड्यावर जातो, तलावावर जातो, चिकनच्या दुकानामागेही जातो. त्याला रोग कुणी दिला हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्याच हिवाळ्यात हिमाचलच्या पाँग धरणावर हजाराहून जास्त पक्षी मेले. तिथे बर्ड फ्लूच्या विषाणूचा एच५एन१ हा प्रकार निघाला, आपल्या कावळ्यांत एच५एन८. विषाणू वेगवेगळे होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले म्हणूनच हे कळलं, नाहीतर आपण दोन्हीचं खापर एकाच बदकावर फोडलं असतं.

‘नमुने नेले म्हणजे रोग आलाच.’ नळाचं पाणी तपासायला नेलं की कॉलरा आला असं म्हणतो का आपण? बदकाच्या आतड्यात विषाणू असूनही ते मजेत पोहत असतं, म्हणून मेलेले पक्षी मोजून भागत नाही. पहाटे काठावरची विष्ठा गोळा करतात, तीही ताजी, ओलसर. उन्हात वाळलेली फारशी कामाची नाही. कापसाच्या काडीवर घेऊन ती द्रावणाच्या कुपीत घालायची, कुपी बर्फाच्या डब्यात. डबा तापला की सगळी मेहनत पाण्यात. शिवाय आज काही निघालं नाही म्हणजे फक्त आजचं कळलं. हिवाळाभर पुन्हा पुन्हा जावं लागतं.

फटाक्यांची सूचना सगळ्यांत वाईट. उठवलेली थापट्या बदकं काय सायबेरियाला परत जाणार आहेत? ती जवळच्या यशवंत सागर जलाशयावर उतरतील, नाहीतर एखाद्या गावतळ्यात, जिथे घरच्या कोंबड्या पाणी पितात. म्हणजे रोग असलाच, तर तो आपणच पसरवला. (सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, तेवढं तरी लक्षात असू द्या.)

चिकन-अंड्यांचं थोडक्यात: सत्तर अंशांवर नीट शिजलं की विषाणू मरतो. कच्चं मांस हाताळल्यावर हात आणि कापायची फळी धुवा, अर्धकच्चं अंडं टाळा.

एकाच जागी दोन-चार मेलेले पक्षी दिसले, तर हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा, पशुपालन किंवा वन विभागाला फोन करा. आणि काका, ग्रुपवर फोटो टाकण्याआधी तो फोन करा.